झोपणारे प्रोग्रॅम आणि जागे आम्ही

दर सोमवारी मी ठरवते, या आठवड्यात ऑफिसचं गाऱ्हाणं कुणाला सांगायचं नाही. मंगळवारपर्यंत इतकं साठतं की न सांगितलं तर डोकं फुटेल!

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावर आमचं ऑफिस. मी, सलीम आणि शिरीष सर. हॉटेलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पद्धत सर्व्हरलेस, कायम जागा असा सर्व्हर नाहीच. म्हणजे बुकिंग आलं की तेवढ्यापुरता एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, काम उरकतो, पुन्हा झोपतो. असे सगळे प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या डब्यांत भरून आमच्याच, एकमेकांना जोडलेल्या मशिनांच्या क्लस्टरवर ठेवलेत; कुणाला कधी उठवायचं ते तोच बघतो. सर म्हणतात, "यात सांभाळायचं असं काही नसतंच!"

*

गावी, परंदवडीला गेले तेव्हा आबांना, म्हणजे वडिलांना, हे सगळं समजावलं.

"सर्व्हर न्हाईच म्हन्तीस, मंग दिसभर बगता काय?"

"सर्व्हर बंद पडलाय का ते."

आबांनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच, "नोकरी पक्की हाय ना गं?"

*

एका हॉटेलमालकांना सरांनी डेमोला बोलावलं. "काम नसलं की आमची सिस्टिम झोपते!" मालकांनी कौतुकानं बटण दाबलं. स्क्रीन पांढरी. पुन्हा दाबलं. पांढरीच!

"उठतंय, उठतंय," सलीम पुटपुटला.

"ते उठंस्तवर गिऱ्हाईक घाट उतरून गेलं की!"

मालक गेल्यावर सर माझ्यावर उखडले. "कायम जागं नाही का ठेवता येत?"

"येतं ना. त्यालाच सर्व्हर म्हणतात, सर."

*

तरी मालकांनी सिस्टिम घेतली. एक प्रोग्रॅम नाश्त्याची ऑर्डर किचनला पाठवायचा आणि 'काम झालं' असं क्लस्टरला कळवायचा. एका सकाळी हे कळवणंच बिघडलं. काम राहिलंय समजून क्लस्टर त्याला पुन्हा पुन्हा उठवत बसला.

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. "ताई, खोलीत माणसं दोन आणि पोहे वऱ्हाडाचे! आचारी मोठं पातेलं शोधतोय!"

सर शेजारून म्हणाले, "सांग, ऑर्डर कमीत कमी एकदा पोचण्याची आपली गॅरंटी आहे."

मी सांगितलं.

"जास्तीत जास्त किती, तेवढं बोला!"

*

मालकांनी बजावलं, आता एक जरी तक्रार आली तरी कॉन्ट्रॅक्ट रद्द! म्हणून पुढचा प्रोग्रॅम सरांनी स्वतः लिहिला. पाहुण्याचा मेसेज आला की आभार मानायचे, बस्स.

वराळ्याचे एक रिटायर्ड मास्तर तिथे राहून गेले. त्यांनी लिहिलं, "सोय उत्तम होती."

"आपले मनःपूर्वक आभार!"

"आभार कसले, तुमचंच कौतुक."

हाही मेसेजच! "आपले मनःपूर्वक आभार!"

"जेवलात का?"

"आपले मनःपूर्वक आभार!"

असं कित्येक दिवस चाललं होतं. सलीमच्या लक्षात आलं, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून तो प्रोग्रॅम बंद केला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला, हॉटेलनंच नंबर दिलेला. संपलं, गेलं कॉन्ट्रॅक्ट! मी श्वास रोखून ऐकत होते.

"कालपासून तुमच्याकडची ती मुलगी बोलत नाहीये," मास्तर चाचरत म्हणाले. "माझं काही चुकलं का हो?"