माशावर दूध

काशीबाईवर लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. तिच्याबद्दल लिहायला अडचण काही नाही. अडचण अशी की तिच्या गोष्टीत मध्येच मी येतो, आणि मी आलो की माझी मान खाली जाते. पण आता वय झालं, आणि दुसऱ्या कोणावर लिहावंसंही वाटत नाही. तेव्हा लिहितोच.

एकोणीसशे बासष्ट साली माझी बदली पालघरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरच्या शाळेवर झाली. काशीबाई तिथली मासळीवाली. नवरा सुका दुसऱ्याच्या होडीवर जायचा. त्याच्या वाटणीची मासळी आली की काशीबाई पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या वाटेला लागायची. सरावलीत तिची ठरलेली घरं होती, उरलेली मासळी स्टेशनाजवळच्या बाजारात. निघताना पहिलं दार आमचं. कोणी बाई माशाचे कल्ले उचकटून, वास घेऊन, पुन्हा पुन्हा नाक मुरडायला लागली की काशीबाई शांतपणे म्हणायची, "बाय, मासा हाय, नवरा नाय. इतकं उलटसुलट बघून घेत नाय कोन." बाई हसायची आणि घ्यायची. ती माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी, पण मी तिला अगंतुगं करायचो आणि ती मला अहोजाहो. तेव्हा ते कोणालाच खटकत नसे, मला तर नाहीच.

मी मास्तर. त्या काळी मास्तर म्हणजे गावाचा अर्धा वैद्य आणि पाऊण वकील. त्यात मला बुद्धिवादाची मोठी खुमखुमी. ताप आलेल्या पोराला भगताकडे नेलं की मी भगताच्या दारात जाऊन भांडायचो. ज्या चिंचेखालून लोक भुताच्या भीतीनं जात नसत, तिच्याखाली मी मुद्दाम चौथीचा वर्ग भरवला. आणि असा हा विद्वान मनापासून मानत होता की धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, नाग मारणाऱ्याचा चेहरा ध्यानात ठेवतो, आणि माशावर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं. यातलं मी काही पडताळून पाहिलं नव्हतं. पडताळायचं कशाला? माझ्या आईनं सांगितलेलं, मला शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलेलं, पालघरच्या शिकल्यासवरल्या घरांतही तेच. अंधश्रद्धा नेहमी दुसऱ्याची असते.

पुढच्या वर्षी शाळेत दुधाच्या पावडरीची पिंपं आली. पोरांना रोज पेलाभर दूध द्यायचं, असा हुकूम. आता गाव मांगेल्या मच्छीमारांचं. पोरं सकाळी तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील खाऊनच शाळेत येणार. मी पहिल्या दिवशी विचारलं, "आज मासे खाऊन कोण कोण आलंय?" झाडून सगळे हात वर. मी सगळ्यांना दुधाविना घरी पाठवलं आणि आयांना निरोप धाडला: सकाळी मासे बंद. आठ दिवसांत पोरं शहाणी झाली. तोंडाला बोंबलाचा वास, आणि म्हणायची, "नाय गुरुजी, मीठभाकर." दूध पिऊन पसार. एकालाही काही झालं नाही. डोळ्यांपुढं रोज सत्तर पोरं मला खोटं पाडत होती, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

दूध उकळायला, ढवळायला मी काशीबाईला सांगितलं. पहाटे उठणारी, हाताची स्वच्छ, पोरांना धाकात ठेवणारी. दूध वाटून झालं की ती पाटी घेऊन बोईसरला जायची. पोरं तिला दूधआई म्हणायला लागली. तिला ते फार आवडायचं, पण आवडतं असं दाखवायची नाही. "दूधआई म्हने! तुमची आई घरी बोंबील सोलते, ती कोन?"

त्याच वर्षाच्या अखेरीला तिच्या बोटांच्या पेरांवर पांढरे डाग दिसायला लागले. मग ओठाच्या कडेला एक. गावाला कारण शोधावं लागलंच नाही. कारण आयतं पातेल्यात उकळत होतं. सकाळी दूध ढवळते, दुपारी मासे विकते. आणखी काय व्हायचं? पोरांच्या आया कुरकुरल्या. मी काशीबाईला बोलावून गोड आवाजात म्हणालो, "तुला उगीच दगदग नको, काशीबाई. दुधाचं मी दुसऱ्या कोणाला सांगतो." तिनं डाव हातातून खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि ते पदराखालीच ठेवून ती घरी गेली. त्या संध्याकाळी मी आमच्या घरातही सांगितलं, तिच्याकडून मासळी घेऊ नका.

इथवर मी चारचौघांसारखाच वागलो. पुढचं मात्र माझ्या एकट्याचं.

काशीबाईची मुलगी सुलू तेव्हा सोळाची. घिवलीच्या गोमा तांडेलाच्या शिवाजीशी तिचं जमत आलं होतं. स्वतःची होडी असलेलं घर, मुलगा कष्टाळू, आणि पोरापोरीनं जत्रेत एकमेकांना पाहून पसंतही केलेलं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. आणि एका दुपारी गोमा तांडेल शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गुरुजी, तुमी शिकलेले. काशीच्या हाताला ते काय झालं? पोरीला येल काय? आमच्या घरात पसरंल काय?"

मी हजेरीपट मांडत होतो. मान वर करून मी जे बोललो ते मला शब्दानं शब्द आठवतं. "माशावर दूध, तांडेल. दुसरं काय? कोड आहे ते. लागण घरात फिरते म्हणतात. तुमचं तुम्ही बघा."

एवढंच. कपभर चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. गोमानं टोपी घातली, नमस्कार केला आणि गेला. आठवड्यात घिवलीहून नकार आला. नकाराबरोबर माझं वाक्यही गावोगाव फिरलं असणार, कारण पुढं नांदगावहून एक आणि सातपाटीहून एक अशी दोन माणसं सुलूला बघायला यायची होती, ती वाटेतूनच परतली. सरावलीची घरं काशीबाईला तुटली. तिची पाटी बंद झाली. ती दुसऱ्यांचे बोंबील वाळत घालायच्या कामाला जायला लागली, ओठावर पदर ओढून. मी वाटेत दिसलो की ती अजूनही थांबून "गुरुजी, बरं हाय ना?" विचारायची. मी "बरं आहे" म्हणायचो. मला खरंच बरं होतं. मी गोमाला खरं तेच सांगितलं, असंच मी समजत होतो.

दोन वर्षांनी मला खरूज झाली म्हणून पालघरला एका डॉक्टरांकडे गेलो. दवाखान्यात बाकावर शेजारी कोड असलेला एक म्हातारा बसला होता. मी पाय आखडून घेतले. डॉक्टरांनी ते पाहिलं. आधी म्हाताऱ्याला तपासलं, त्याचा हात हातात धरून सावकाश तपासला, आणि मग मला आत घेऊन म्हणाले, "मास्तर, खरूज तुमची त्याला लागेल. त्याचं तुम्हाला काही लागत नाही. पाय त्यानं आखडायला हवे होते."

मी चाचरत म्हणालो, "पण कोड... माशावर दूध..."

"सकाळी मासे खाता?"

"कधीमधी."

"वर चहा पिता? दुधाचा?"

"रोज."

"मग अजून काळेच कसे राहिलात?" ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की कातडीतला रंग का जातो हे डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पण ते शिवून लागत नाही, दुधामाशाशी त्याचा काही संबंध नाही, आणि आईला झालं म्हणून लेकीला होईलच असंही नाही. ते बोलत होते आणि मला समोर गोमा तांडेलाची मांडीवरची टोपी दिसत होती. मलमाची डबी तिथंच विसरून मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी घिवलीला गेलो. गोमा जाळं शिवत बसला होता. मी त्याला रंगाचं, कातडीचं, लागणीचं सगळं समजावलं. बराच वेळ बोललो. त्यानं जाळ्यातून मान वर केली नाही.

"गुरुजी, तवा तुमी एका दमात सांगितलं. ते लगेच कळलं. आता घटकाभर बोलताय, तर डोक्यात शिरत नाय." मग सुई थांबवून म्हणाला, "शिवाजीचं लगीन मागल्या वर्सीच झालं. आता सांगून काय करू मी?"

ज्याच्यापाशी चूक केली त्याला सांगून झालं होतं. जिचं नुकसान केलं तिला सांगायचं राहिलं होतं. घिवलीहून परतताना सरळ काशीबाईच्या झोपडीकडे गेलो. बाहेर बांबूच्या दांड्यांवर बोंबील लटकत होते. सुलू ते उलटत होती. काशीबाई उंबऱ्यात बसली होती. मला पाहून उठली आणि हात पदराखाली घेतले.

मी बोलायला लागलो. माशावर दूध प्यायल्यानं कोड येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं, ही सगळी खोटी समजूत आहे. एवढं झालं की पुढचं वाक्य होतं: गोमाला ते मीच सांगितलं होतं. पण त्याआधीच काशीबाई मटकन खाली बसली.

"खरं सांगताय गुरुजी? प्यालं तरी येत नाय?"

"नाही येत."

ती रडायला लागली. मग पदरानं तोंड पुसत बोलली, "मी प्याले होते, गुरुजी. एकदाच. पोरांना वाटून झालं, तळाशी दोन घोट उरलेले. सकाळी बोंबील खाल्लेलं. कवा दूध तोंडाला लागलं नव्हतं, कसं लागतं बघावं म्हनून प्याले. पोरांचं दूध. आनि मंग हे आलं. दोन वर्सं म्हनते, काशे, तुजी जीब लाचावली आनि पोरीचं लगीन मोडलं. सुलूला पन सांगितलं नाय. कोन्त्या तोंडानं सांगू?"

ती वाकली आणि तिनं माझे पाय धरले.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. अजून किती सोपं व्हायला हवं होतं? मी मागं सरकलो आणि म्हणालो, "ऊठ, काशीबाई, ऊठ." जिला दोन घोटांची शिक्षा दोन वर्षं पुरली, तिच्यापुढं मी गप्प राहिलो, कारण ती मला देवमाणूस समजत होती आणि मला ते आवडत होतं.

"थांबा," म्हणून ती आत गेली. सुकाच्या वाटणीचं एक पापलेट घरात होतं, तेवढं मला द्यायचं तिनं ठरवलं होतं.

सुलू बोंबलाच्या दांडीपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "शिवाजीनं मला तवाच सांगितलं होतं. त्याचे बाबा गुरुजींना विचारून आले म्हनून."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. "मी आत्ता सांगतो तुझ्या आईला," म्हणालो.

"नको," सुलू म्हणाली. "सांगायचं होतं तर पाय धरायच्या आदी सांगायचं. आता तिला तेवढं तरी राहू द्या."

काशीबाई केळीच्या पानात पापलेट गुंडाळून बाहेर आली. पदर खांद्यावर होता, ओठावर नव्हता. ते डागांचे हात तिनं माझ्यापुढं उघडे धरले. मी पापलेट घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर लिहून सांगितलं की माशावर दूध प्यायल्यानं काही होत नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणी मोडलं, ते सांगितलं नाही. सुलूला पुढं चोविसाव्या वर्षी डहाणूकडच्या बिजवराला दिली. काशीबाई त्यानंतर बरीच वर्षं होती, पाटी घेऊन पुन्हा आमच्या दारात यायची, आणि दर वेळी आमच्या घरात सांगायची की गुरुजींनी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो. ती वारली, तोवर बाहेर येऊन एकदाही खरं बोललो नाही.