कडेच्या बाभळी
आज सुतारानं बाभूळ पाडली आणि भुशाचा तो तुरट वास मला चाळीस वर्षं मागं घेऊन गेला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नवऱ्यानं टाकल्यावर मी वडूजजवळ, मूलबाळ नसलेल्या एका आंधळ्या म्हातारीचं सगळं करायला राहिले होते. डोळे शाबूत होते तेव्हाच तिनं बांधभर बाभळी लावल्या होत्या. वर्षाला एक झाड सुताराला द्यायचं आणि त्यावर आम्हा दोघींची ज्वारी, तेल, लुगडं भागवायचं, ही तिची रीत. त्या साली सुतार आला, तशी ती खोडं चाचपत पुढं निघाली. सुतार म्हणाला, "आजी, औंदा त्या कडंच्या वळीतलं द्या. बैलांच्या जुवाला सरळ हाय." तिनं त्या कोवळ्या खोडावर तळवा ठेवला. "ह्याला हात लावू नगंस. ही वळ माजी न्हाई." "आवं, मग कुणाची?" "हिची. हिचंबी हातपाय कवातरी थकत्यालच की." सात-आठ वर्षांपूर्वी मी आले त्याच पावसाळ्यात कडेच्या ओळीतली ती झाडं तिनं माझ्याकडून लावून घेतली होती, आणि त्यांच्यावरून शेळ्या हाकलताना मी रोज तिच्या नावानं बोटं मोडत होते. माझ्या म्हातारपणाचा विचार माझ्या आईबापांनीही कधी केला नव्हता. काट्यांचं भान न राहता मी तिथंच पायताण काढून उभी राहिले. आज पाडलेली बाभूळ त्याच वळीतली. माझं करणारी पोरगी आता बाहेर नव्या रोपांवरून शेळ्या हाकलतेय, माझ्या नावानं पुटपुटतेय. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.