हातांनी सांगायची बातमी

वडील पहाटे गेले आणि उजाडल्यावर त्यांच्या उशाशी बसायचं सोडून मी ओटीवर लॅपटॉपचा वाय-फाय दुरुस्त करत बसले होते. भेटायला आलेल्या बायकांना ते विचित्र वाटलं असणार. वाटो.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. पनवेलजवळ एका कंपनीत कामाला असतो. त्याच्याशी बोलता बोलता आमच्या घरात हातांची एक भाषा आपोआप तयार झाली. मिशीला पीळ दिला की वडील, वेण्या ओढल्या की मी. तिला दोन्ही हात मोकळे लागतात. फोन भांड्याला टेकवून पाहिला, पण आईच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना एवढ्याशा पडद्यावर त्याची बोटं दिसतच नाहीत. लॅपटॉपवर मात्र ती त्याच्याशी तासभर भांडू शकायची.

नेमकी याच आठवड्यात त्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम चढली. जुन्या यंत्राला ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वाय-फायची खूणच गायब झाली, आणि वडिलांच्या आजारपणात तिकडे बघायला कुणाला सवड होती?

"मेसेज टाक की त्याला," आत्या म्हणाली. ती सकाळच्या फेरीबोटीने आगरदांड्याहून दिघीला उतरून आली होती. "वाचता येतं ना त्याला?"

"न्हाय," आई म्हणाली. "बाप गेल्याचं त्याला अक्षरांनी कळायचं न्हाय. आणि न सांगता बोलावला, तर अंगणात माणसं बघून तो जागीच बसंल. मी सांगीन, त्याचं तोंड बघून सांगीन. बाय, तू ते चालू कर."

अंगणात पुरुषमाणसं बांबू तोडत होती. आत्याने हळूच बांगड्यांचा आणि कुंकवाचा विषय काढला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "या घरात कुणी कुणाचं कुंकू पुसणार नाही," मी म्हटलं. हे मी वडिलांशीही बोलून ठेवलं होतं, आणि त्यांनी मान डोलावली होती. आत्याने विषय सोडला. पटलं नव्हतंच तिला.

मी फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनचं नेट घेतलं. आमच्या ओटीवर रेंज जेमतेम, त्यावर व्हिडिओ कॉल लावला तर चित्र थिजतं, आणि थिजलेले हात काय बोलणार? पण एक फाइल उतरवायला तेवढं पुरे होतं. वाय-फाय चालवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, तो नव्या सिस्टिमने बदलून भलताच बसवला होता. तो काढून टाकला. लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या साइटवरून योग्य तो मुंगीच्या पावलांनी उतरला. बसवला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, आणि यादीत आमच्या घराचं नेट दिसायला लागलं.

मला आनंद झाला. खरंच झाला, आणि पाठोपाठ लक्षात आलं. ते बिघडलेलं होतं तोवर माझ्या भावापुरते तरी वडील जिवंत होते.

मी भावाला लॅपटॉपवर यायला कळवलं आणि आईला समोर बसवलं. तो हसतच आला, खांद्यावर टॉवेल. आल्या आल्या त्याने मिशीला पीळ दिला आणि भुवया उंचावल्या. बाबा कसे आहेत?

आईने हात वर केले, तिनेही मिशीला पीळ दिला, आणि तिचे हात हवेतच राहिले. ताप, भात, बोट, चुकलेली एसटी, सगळ्याला आमच्याकडे खुणा होत्या. याला नव्हती. झोपल्याची खूण केली असती, तर उठवा म्हणाला असता.

मग तिने पदराचं टोक घेतलं आणि त्याच्याकडे बघत बघत स्वतःच्या हाताने कपाळावरचं कुंकू पुसलं.

आत्या हुंदका देऊन रडायला लागली.

भावाने क्षणभर पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघितलं. मग तो एकदम खाली गेला, जमिनीवरच बसला असावा, कारण आम्हाला नुसती त्याच्या खोलीची भिंत दिसत होती. मोतीबिंदूने आईला ते कळलं नाही की कळूनही थांबवेना, कोण जाणे. त्या रिकाम्या भिंतीला ती दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा सांगत राहिली, काहीतरी खाऊन निघ, उपाशी निघू नको.