दुपारभराची वजिरी

चिठ्ठी उघडली आणि मी चक्क ओरडले. वजीर! इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात त्या दुपारी प्राचीन इजिप्तचा दरबार भरणार होता. खेळ अकाउंट्समधल्या इजिप्शियन सहकाऱ्याने बसवला होता. चिठ्ठ्या सगळ्यांनी काढल्या, पण फारो, म्हणजे राजा, नेमका बॉसच झाला. कसा, ते मी विचारलं नाही.

“फारो नुसता बसतो, देश वजीर चालवतो,” सहकाऱ्याने मला इंग्रजीत समजावलं. “अट एकच. शेतकरी आला तरी त्याचं ऐकायचं आणि निकाल तिथेच द्यायचा.”

त्यात काय मोठंसं! स्टाफच्या रजा, व्हिसा सगळं माझ्याच टेबलावरून जातं. तिथेच चाचांचा अर्जही पडून होता. चाचा रत्नागिरीकडचे, आमची पँट्री सांभाळणारे. लेकीच्या निकाहसाठी त्यांना गावी जायचं होतं. बदली माणूस शोधायचा मला कंटाळा, म्हणून त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, “इन्शाल्ला, चाचा.” असं तीनदा झालं होतं.

मीना बाजारातून आणलेली सोनेरी लेस गळ्यात घालून मी फारोच्या शेजारी बसले. काय तो थाट! पहिली तक्रार एसीची. लेखनिकाला लगेच फर्मान लिहायला लावलं. दुसरी, सेल्सवाले मीटिंग रूम अडवून बसतात. “खलास! उद्यापासून बंदी!” टाळ्या, शिट्ट्या, मी नुसती हवेत.

मग शेतकऱ्यांच्या रांगेतून चाचा उठले.

“वजीरसाहेब, पुढच्या शुक्रवारी लेकीचा निकाह आहे. मला घरी जायचंय.”

मी भरात होते. हात उंचावून म्हणाले, “मंजूर!”

पुन्हा टाळ्या. चाचांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे पसरला. रजेचाच अर्ज, नव्याने भरलेला. वर पेन ठेवलं. माझं हसू थांबलं. बॉस माझ्याकडे बघत होता. माझे कान शरमेने तापले आणि तोंडातून सवयीने निघालं, “इन्शाल्ला...”

“अल्लाची मर्जी झालीय, मॅडम,” चाचा हळूच म्हणाले. “सही तेवढी तुमची राहिलीय.”

मी सही केली. लेस काढून जागेवर आले आणि फोन उचलला. बदली माणूस पहिल्याच फोनवर मिळाला.