जोशाया हॅडलीचा धाकटा

एखाद्याचा प्रामाणिकपणा मुळावर यावा, आणि तोही दुसऱ्याच्याच, याला काय म्हणायचं ते म्हणा. चंद्रहासराव फणसळकरांनी चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली, पण एकही खोटा वारस कागदावर चढू दिला नाही. पुढाऱ्यांनी दम दिला, भाऊबंदांनी पाय धरले. हे आपले ढिम्म! "कागद दाखवा, नाव लावतो," एवढंच वाक्य. बायको गेली, सेवानिवृत्ती झाली, आणि मुलगा विश्वजित त्यांना जपानात, कोबेला घेऊन आला. मुलगा बँकेत, सून कौमुदी औषधांच्या कंपनीत, आणि नात ईश्वरी सहा वर्षांची. आजोबा मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि दोघंही आपापल्या जागी खूश असायचे.

वॉल्टर हॅडली त्यांना भेटला तो कचऱ्यापायी. तिथे प्रत्येक कचऱ्याचा वार वेगळा; चंद्रहासरावांनी प्लास्टिकच्या दिवशी काचेच्या बाटल्या नेऊन ठेवल्या. पिशवीवर लाल चिकटपट्टी लागली आणि ती तिथेच राहिली. गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली. खालच्या मजल्यावरच्या उंच, वाकलेल्या अमेरिकन म्हाताऱ्याने ती पिशवी मुकाट्याने उचलली आणि योग्य दिवशी स्वतःच्या हातांनी टाकली. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता दोघांचा चहा ठरलेला. हे त्याला 'वॉल्टरसाहेब' म्हणायचे, तो यांना जपानी रीतीने 'चंद्रा-सान'.

वॉल्टरने पन्नास वर्षं मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. बायको जपानी, हारुको. ती तिच्या माहेरच्या कबरीत गेली. तिच्या भाच्याने नम्रपणे, अगदी कमरेत वाकून सांगितलं होतं की तिथे आणखी जागा नाही. मूलबाळ नव्हतं. आणि आता स्वादुपिंडाचा कॅन्सर.

"चंद्रा-सान, मरायची भीती नाही हो मला," तो एकदा म्हणाला. "पण इथे ज्याचं कुणी नाही त्याच्या अस्थी सामाईक कबरीत ओततात. शंभर जणांत एक. मला आपल्या माणसांत जायचंय."

आपली माणसं म्हणजे व्हर्जिनियातले हॅडली. जोशाया हॅडली नावाच्या माणसाने पावणेतीनशे वर्षांपूर्वी तिथे जमीन घेतली. त्या जमिनीच्या कोपऱ्यात घराण्याची दफनभूमी अजून आहे आणि तिची एक समिती आहे. नियम एकच: जोशायाचा वंशज असल्याचा पुरावा द्या, जागा घ्या. वॉल्टरला आजोबांच्या पलीकडचं काही ठाऊक नव्हतं.

झालं! चंद्रहासरावांच्या अंगात वारं भरलं. निवृत्त झालेल्या माणसाला कुणी काम द्यावं, आणि तेही असं! कौमुदीने त्यांना जुने दस्त संगणकावर कसे शोधायचे ते दाखवलं. मोडी वाचलेल्या डोळ्यांना ते वळणदार इंग्रजी म्हणजे हातचा मळ. खरेदीखतं, कराच्या याद्या, पलटणीच्या हजेऱ्या. चार महिन्यांत त्यांनी वॉल्टरपासून सात पिढ्या वर चढून एफ्रेम हॅडली नावाचा सैनिक गाठला. इंग्रजांविरुद्ध लढल्याबद्दल त्याला ओहायोत इनाम जमीन मिळाली होती. पलटणीच्या कागदावर त्याचं जन्मस्थळही होतं: जोशायाचंच गाव! वॉल्टरने त्या दिवशी चहाऐवजी आतून बाटली काढली. चंद्रहासराव पीत नाहीत, तरी त्यांनी ओठ लावले.

आता उरला एकच दुवा. एफ्रेम हा जोशायाचा मुलगा का?

जोशाया १७६८ साली मृत्युपत्र न करता वारला. चंद्रहासरावांनी वारसांची नोंद काढली. सगळी जमीन थोरल्या टॉमसच्या नावे! एफ्रेमचा पत्ता नाही. आपल्याकडे बाप गेला की पोरांची, पोरींची, सगळ्यांची नावं लागतात. एकट्या थोरल्याचं लागलं तरी एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून शेरा पडतो. इथे शेरा नाही, हिस्सा नाही. पुढे टॉमसने जमिनीचा मोठा तुकडा विकला, त्यावर धाकट्याची संमती नाही, सही नाही. त्या गावात हॅडलींची आणखी तीन घरं होती. चंद्रहासरावांनी तीन वेळा तपासलं आणि चष्मा काढून ठेवला.

डिसेंबरात वॉल्टर इस्पितळात होता. चंद्रहासराव खुर्ची ओढून बसले आणि जे आहे ते सांगितलं.

"एफ्रेम जोशायाचा नव्हे, वॉल्टरसाहेब. दुसऱ्या कुठल्या तरी हॅडलीचा असणार. बापाच्या जमिनीला ज्याचं नाव लागत नाही, तो मुलगा नव्हे. माझी हयात यात गेली."

वॉल्टर उशीवर जरा वर सरकला. "एफ्रेमच्या पेन्शनची फाइल तुम्ही मागवली होती ना? ती अजून आली नाही."

"ती लष्कराची. त्यात पगार, पलटण, जखमा. जमिनीने जे सांगितलं ते ती काय बदलणार?"

"मग समितीला आहे तसं पाठवून तर बघू. नाही म्हणाले तर म्हणाले."

इथे, नेमकं इथे, त्या माणसाने हो म्हणायला हवं होतं. एक पाकीट, एक तिकीट. कुणाचं काय जाणार होतं? पण चौतीस वर्षांचा ताठा बोलला.

"ज्यावर माझा विश्वास नाही तो अर्ज माझ्या हातून जाणार नाही. तुम्हीही खोटं बोलून पूर्वजांच्या शेजारी झोपू नका."

वॉल्टर हसला. त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार, चंद्रा-सान."

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसातून एक बाई आली. वॉल्टरने सामाईक कबरीच्या कागदावर सही केली. साक्षीदार म्हणून खाली चंद्रहासरावांनी केली, सुवाच्य, पूर्ण नावासकट.

फेब्रुवारीत तो गेला. राख सावडायला चंद्रहासराव आणि कौमुदी, दोघंच. इथे लांब काड्यांनी दोघांनी मिळून एकेक हाड उचलायचं आणि कलशात ठेवायचं, पायांपासून सुरुवात. चंद्रहासरावांची काडी निसटली, कौमुदीने आपली घट्ट धरून ठेवली. तीन आठवड्यांनी देवळामागच्या सामाईक कबरीचं दगडी झाकण बाजूला झालं आणि पुजाऱ्याने कलश आत रिता केला. खाली कोरड्या फांद्या पडल्यासारखा आवाज झाला. दोघांनी हात जोडले आणि बसने घरी आले.

एप्रिलात पाकीट आलं.

एफ्रेमची पेन्शनची फाइल, अठरा पानं. सैनिक म्हातारा आणि दरिद्री झाल्यावर १८१८ साली त्याने अर्ज केला होता. ओळख पटवायला शपथपत्र जोडलं होतं. चंद्रहासरावांनी ते स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभ्यानेच वाचलं. 'मी टॉमस हॅडली शपथेवर सांगतो की अर्जदार एफ्रेम हा माझा सख्खा धाकटा भाऊ, जोशाया हॅडली याचा मुलगा. आमचे वडील मृत्युपत्र न करता वारले, आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सगळी जमीन मला थोरल्याला आली. एफ्रेमला काही मिळालं नाही. जमीन नव्हती म्हणूनच तो सैन्यात गेला.'

त्या वेळचा कायदा! जिथे तिथे 'त्या वेळचा कायदा कोणता' म्हणून हाताखालच्या कारकुनांना फैलावर घेणारा हा माणूस, आणि त्याने सातासमुद्रापलीकडच्या मेलेल्या माणसाला आपल्या गावचा कायदा लावला होता. ते शपथपत्र पोटाशी धरून खाली बसले. ईश्वरीने जपानीत विचारलं, आजोबा, पोट दुखतंय का?

मग ते देवळात धावले. कौमुदी दुभाषी म्हणून बरोबर. पुजाऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आता वेगळं करता येत नाही," तो म्हणाला. "सगळे एकत्र झाले."

"थोडं तरी? वरचं?" चंद्रहासरावांनी थेट मराठीत विचारलं. कौमुदीने भाषांतर केलं नाही. पुजाऱ्याने मान खाली घातली.

बैल गेला आणि झोपा केला, हे ठाऊक असूनही त्यांनी अर्ज भरला. सात पिढ्या, प्रत्येक दस्ताची नक्कल, वर टॉमसचं शपथपत्र. का पाठवला, म्हणून विश्वजितने विचारलं. "नोंद तरी बरोबर होऊ दे," म्हणाले. जेवण निम्म्यावर आलं होतं. चार वाजले की ते खालच्या मजल्यापर्यंत जात आणि परत येत. त्या घरात आता दुसरं कुणी राहायला आलं होतं.

उत्तर तीन आठवड्यांत आलं. समितीच्या सचिवबाईंनी फार प्रेमाने लिहिलं होतं. धाकट्या मुलांना त्या काळी जमीन मिळत नसे, त्यामुळे आमच्याकडे निम्मे अर्ज अशाच शपथपत्रांवर मंजूर होतात, तुम्ही काळजी का केलीत? पुराव्यांशिवाय नुसता अर्ज आला असता तरी आम्हीच शोधून दिलं असतं. हॅडलीसाहेबांसाठी अक्रोडाच्या झाडाशेजारची जागा राखून ठेवली आहे. अस्थी केव्हा पाठवताय ते कळवा, आम्ही काही जण जमू.

पत्र तीन दिवस टेबलावर पडून राहिलं. चौतीस वर्षांत ज्यांच्या टेबलावर एक पत्र बिनउत्तराचं राहिलं नव्हतं, ते समोर बसून असत. शेवटी रविवारी कौमुदी संगणक घेऊन शेजारी बसली.

"बाबा, मी लिहिते. 'काही अपरिहार्य कारणांमुळे अस्थी पाठवणं शक्य नाही...' चालेल?"

"अपरिहार्य काही नव्हतं गं," ते म्हणाले. "ते खोडून टाक. आणि तिथे माझं नाव घाल."