शिवेवरचा गाडा

ते प्रकरण मी विसरलेली नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली, तरी दुपारी एखादी गल्ली एकदम शांत झाली की मला ते गाव आठवतं.

जनावरांत लम्पीची साथ आली ते वर्ष. माझं ठाणं झरीच्या पट्ट्यात होतं. गुरांचे बाजार बंद झाले होते. हद्दीतल्या एका गावाने मात्र सरकारी आदेशाची वाट पाहिली नाही. ग्रामसभा घेऊन तिन्ही रस्त्यांवर बांबूचे अडसर टाकले, पाळ्या लावून पहारा बसवला, शाळेच्या मैदानात लसीकरण करून घेतलं. ओढ्यापलीकडे गायरानात पत्र्याचं शेड उभारून आजारी जनावरं तिथे ठेवली. बरी झाल्याशिवाय एकही गावात परत आणायचं नाही, असा ठराव झाला. मी इतर गावांना या गावाचं उदाहरण देत असे.

त्याच गावाने आणखी एक तयारी केली, ती ठरावात नव्हती. गावातल्या म्हाताऱ्या सुताराकडून देवीचा लाकडी गाडा करून घेतला. गाडा गुडघ्याएवढा. त्यावर लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, दहीभात. गायरानाच्या वाटेने तो शिवेपार ढकलून दिला की साथ त्याच्याबरोबर जाते, अशी समजूत. ढकलणाऱ्याने मागे पाहायचं नाही. गाडा शिवेवर दिसत असेल तर दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्या वाटेला कोणी फिरकायचं नाही.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बाई बोलत होती. नाव सांगितलं नाही.

"मॅडम, गाडा माघारी आलाय. चवथ्यांदा. सुतारानं चाकांचा कणा उलटा बसवला म्हणायलेत. आज ऊन कललं की म्हाताऱ्याला त्याच गाड्याला बांधून शिवेपार वढत न्यायचं ठरलंय. तुमी लवकर या."

डायरीत नोंद केली, बीट जमादार आणि दोन शिपाई घेतले आणि निघाले.

गावात शिरल्यावर आधी लक्षात आलं ते आवाज नसणं. दावणीला बैल उभे होते, पण त्यांच्या गळ्यातल्या घंटा सोडून ठेवल्या होत्या. गाड्यावरच्या बाईला, म्हणजे देवीला, जनावराची चाहूल लागू नये म्हणून. लिंबाच्या पाल्याचा धूर गल्लीभर साचला होता. माणसं दारांत उभी होती.

सुतार आपल्या छपरात तासायचा वाकस धरून बसला होता. लाकूड समोर नव्हतं. मी थेट विचारलं, "बाबा, कणा उलटा बसवला का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कण्याला उलटं-सुलटं नसतंय. दोन्ही टोकं सारखीच. ह्यांच्या बापजाद्यांच्या गाड्यांला कणे बसवले मी. तवा कुनी इचारलं न्हाई."

दोन्ही शिपाई त्याच्या दारात बसवले आणि मी जमादारांना घेऊन गायरानाच्या वाटेला लागले. अडसर उघडा होता, पहारेकरी पळालेले. त्याच्या पुढे वाटेच्या मधोमध गाडा उभा होता, तोंड गावाकडे. शंभर पावलांवर जमादार थांबले.

"मॅडम, मी इथूनच पंचनामा लिहितो. तुमी नुसतं सांगत जा."

"तुमची वीस वर्षं नोकरी झाली ना?"

"म्हणूनच थांबलोय."

मी एकटी पुढे गेले. दहीभात जसाच्या तसा होता. त्याला मुंगीसुद्धा लागलेली नव्हती. हे मी पंचनाम्यात लिहिलं नाही, कारण त्याचं काय करायचं ते मला कळेना. लिहिण्यासारखं होतं ते खाली धुळीत. शिवेकडून गाड्यापर्यंत माघारीची ताजी चाकोरी नव्हतीच. गाडा चालत आला नव्हता. कोणीतरी उचलून आणून ठेवला होता. शेजारून एका बैलाचे खूर उमटले होते, गावाकडे गेलेले आणि परत आलेले. मागचा एक पाय ओढत टाकलेला, आणि त्या ठशावर गोणपाटाची वीण स्पष्ट दिसत होती. पायाची जखम बांधलेली असणार.

जमादारांना हाक मारली. खूर पाहिल्यावर मात्र ते आले. ओढ्याकाठाने आम्ही ठसे धरून गेलो. ते एका गोठ्याच्या मागच्या दाराशी संपले. गोठा पहाऱ्याच्या प्रमुखाचा होता. गावाला तयारीला लावणारा, ठराव मांडणारा, पन्नाशीचा समजूतदार शेतकरी.

आत त्याचे दोन धडधाकट बैल होते. कडब्याच्या गंजीआड ताजं शेण, शिजवलेल्या घाट्याची घमेली आणि पू लागलेलं गोणपाट सापडलं. माशा घोंगावत होत्या. तिथून शेजारच्या तिन्ही गोठ्यांना नुसता काड्यांचा कूड आडवा. नवी आजारी जनावरं त्याच तीन गोठ्यांतली होती.

त्याला समोर बसवलं. मी आवाज चढवला नाही. शहाण्या माणसाला फक्त सापडलेल्या वस्तू क्रमाने दाखवायच्या असतात. गोणपाट दाखवल्यावर तो बोलू लागला.

"शेडात माजा तिसरा बैल बसला तर उठंना मॅडम. दुसऱ्याच्या हातचं खाईना. सांजंला घरी आणायचो, चारायचो, फटफटायच्या आत नेऊन बांधायचो. सकाळी डॉक्टर मोजायला यायचे ना."

"आणि पहारा उठावा म्हणून गाडा ठेवायचात."

"हाव."

"सुताराला बांधायचं ठरलं, त्या बैठकीत तुम्ही होतात?"

"होतो."

"काय बोललात?"

"काईच न्हाई."

जबाबावर सही करताना तो थांबला. "ह्यात चारदा लिवलंय. मी तीनदाच ठेवला. पहिल्यांदा त्यो आपसूकच आलता. पहारा उठलेला दिसला, मग मला सुचलं."

शेजारच्या गावानेच परत ढकलला असणार, असं मी धरलं. नंतर तिथे जाऊन विचारलं. हात लावलाच नाही, असं प्रत्येकाने शपथेवर सांगितलं. जबाबात त्या पहिल्या वेळेपुढची जागा मी कोरी सोडली. ती तशीच आहे.

ऊन कलायच्या आत मी गाव चावडीवर गोळा केलं. खूर, गोणपाट, जबाब, सगळं सांगितलं. सुटलो, असं म्हणणारा एक तरी चेहरा दिसेल असं वाटलं होतं. एक म्हातारा उठला.

"बरोबर हाय मॅडम. पर येवढ्या शाण्या माणसाला अशी बुद्धी कुनी दिली? गाड्यानंच ना? आन् गाडा केला कुनी?"

माना हलल्या. पुरावा त्यांना पटला होता. भीतीने मात्र तो पुरावाही आपल्या बाजूला घेतला. त्या दिवशी सुतार वाचला तो सत्यामुळे नाही. त्याच्या दारात दोन शिपाई बसले होते म्हणून वाचला. मी ते पंधरा दिवस हलवले नाहीत. दरम्यान तीन गोठे रिकामे करून फवारले, ती जनावरं शेडात नेली, नवी लागण थांबली. मग कोणी कण्याचा विषय काढला नाही.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. गाव जिकडे पाहायला घाबरतं, तिकडे पहारा नसतो. तपास तिथून सुरू करावा. दुसरी जड आहे. संकटात गुन्हेगार सापडणं आणि निरपराध माणूस सुटणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं की दुसरं आपोआप होत नाही.

सुतार लेकीकडे पिंगळीला राहायला गेला. बदली होण्याआधी मी त्याला भेटून आले. अंगणात पोळपाटांची रास होती. हात अजून स्थिर होता.

"काम बरं चाललंय की, बाबा," मी म्हणाले.

"चाललंय. पाट, पोळपाट, दाराच्या चौकटी. मागंल ते करतो." रंध्यातली ढलपी काढून त्याने फुंकली. "जे एका जागी ऱ्हातंय, तेवढंच."