सेटिंगची चावी आतच राहिली

लोक विचारतात, बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवालीला काम तरी काय असतं? जालन्याच्या एमआयडीसीत आमचा प्लांट, ऑफिसात वीस-बावीस कॉम्प्युटर, आणि ते सांभाळणारी मी एकटी. व्हायरसबियरस क्वचित. बाकी सगळा वेळ जातो तो स्वतःच्याच मशीनच्या बाहेर अडकलेल्या माणसांना आत घेण्यात. सहा वर्षांत असे किस्से इतके साचलेत, की माहेरी तीर्थपुरीला गेले की आई चहा ठेवते आणि म्हणते, "हां, आता कोण अडकलं ते सांग."

पहिला माझाच सांगते, म्हणजे बाकीच्यांना हसायचा हक्क मिळतो.

नोकरीचा पहिला आठवडा. जो तो सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी उद्योग करत होता, म्हणून ठरवलं, सगळ्यांचे ॲडमिनचे अधिकार काढून टाकायचे. मुख्य कॉम्प्युटरवर बसले आणि यादीतल्या एकेका नावाला साधा युजर करत खाली आले. शेवटचं नाव कोणाचं, ते बघितलंच नाही. माझं होतं.

पुढचं सेटिंग उघडायला गेले तर मशीन म्हणतं, ॲडमिनची परवानगी घ्या. ॲडमिन आता कोणीच नाही! 'हो' म्हणायचं बटणसुद्धा फिकं पडलेलं. कोणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण नोकरी अजून पक्की व्हायची होती. शेवटी पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं, आत बंद करून ठेवलेलं मूळ ॲडमिनचं खातं जागं केलं आणि त्याच्याकडून माझे अधिकार परत घेतले. चार तास गेले.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं, "नव्या मॅडमकडून शिका जरा. जेवायलासुद्धा उठल्या नाहीत."

*

गोडाऊनचे खरात मामा. डोळ्यांना त्रास होतो म्हणून त्यांनी लॅपटॉपचा उजेड कमी केला. कमी करत करत पार शून्यावर नेला. स्क्रीन काळीठिक्कर. कीबोर्डवरची उजेडाची बटणं कधीच निकामी झालेली, आणि सेटिंगमध्ये जावं तर सेटिंग दिसत नाही.

मी मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरपी धरली. पुसट अक्षरं दिसली, तेवढ्यात उजेड वाढवून घेतला. मग विचारलं, हे कधीपासून?

"परवापासून."

"मग दोन दिवस पोत्यांच्या नोंदी कशा केल्या मामा?"

"अंदाजानं करून राह्यलो ना."

मी त्या दोन दिवसांच्या नोंदी तपासल्या. एकही चूक नव्हती.

*

डिस्पॅचचे सय्यदभाई पासवर्ड विसरले. पासवर्ड चुकला की मशीन एक खूण दाखवतं, आपणच आधी लिहून ठेवलेली. सय्यदभाईंनी लिहिलं होतं, 'नेहमीचाच'.

नेहमीचा कोणता, ते त्यांनाही आठवेना. मुलीचं नाव टाकून झालं, गाडीचा नंबर झाला, गावाचं नाव झालं. शेवटी मी वैतागून 'नेहमीचाच' हाच शब्द टाकला. मशीन उघडलं.

सय्यदभाई शांतपणे म्हणाले, "मैं तो पहलेच बोला था."

*

लॅबच्या देशमुख मॅडम मात्र हुशार. पासवर्ड विसरलात तर तुमचं जन्मगाव सांगा, असा प्रश्न त्यांनी स्वतः निवडला होता. त्या राजूरच्या, हे अख्ख्या ऑफिसला माहीत. म्हणून त्यांनी उत्तर मुद्दाम खोटं लिहिलं. आणि काय लिहिलं तेच विसरल्या.

जालना, भोकरदन, अंबड, सगळे तालुके फिरून झाले. दुपारी रिपोर्ट पाठवायचा होता, मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटी त्यांनी नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. अडचण सांगून होते न होते तोच तिकडून उत्तर आलं, "लंडन टाकून बघ. भांडलीस की तू तेच म्हणतेस, मी लंडनला जन्मले असते तर तुमच्या घरात आले नसते."

लंडनच होतं. अजूनही मॅडम उशिरा आल्या की खरात मामा विचारतात, "विमान लेट होतं का?"

*

आणि आमचे बाबूजी. कंपनीचे मालक, वय पंच्याहत्तर. घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यात. त्यांना कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा नाद लागला. एकट्यानं खेळायचा तो डाव. लोक भेटायला येऊन बाहेर ताटकळायचे.

एक दिवस त्यांनीच मला बोलावलं. म्हणाले, हा खेळ बंद करा, सेटिंगला पासवर्ड लावा आणि तो मला सांगू नका. वर लेटरहेडवर स्वतःच्या हातानं लिहून, सही करून दिलं: 'यानंतर मी लेखी आदेश दिला तरी फाडून टाकावा.'

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी बोलावणं आलं. पासवर्ड पाहिजे. मी नाही म्हणाले.

"कंपनी कोणाची?"

"तुमची, बाबूजी."

"कॉम्प्युटर?"

"तुमचाच."

"मंग पासवर्ड?"

"तो माझा."

मॅनेजरसाहेब दारात उभे होते, त्यांचा चेहरा उतरला. बाबूजींनी लेटरहेड ओढलं, आदेश लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि माझ्यापुढे सरकवला. घर आम्हा नवरा-बायकोच्या पगारावर चालतं, ते डोळ्यांपुढून गेलं. पण मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला. दोन तुकडे, मग चार.

बाबूजींनी ते तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. मग मॅनेजरसाहेबांना म्हणाले, "दार लावून घ्या. आतून."

टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडून त्यांनी पत्त्यांचा खराखुरा कॅट बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला.

"बसा बेटा. पिसता येतात ना?"